विहिरीकडून सातवं झाड

मामाजी, तुमच्या तेरवीला जो आला तो तुमच्या धीराचं कौतुक करून गेला. "असा धीराचा माणूस पाह्यला नाही बाप्पा," म्हणत म्हणत लोकांनी वांग्याची भाजी दोनदा वाढून घेतली. कोणी म्हणे, रोप कच्चं असलं तर भाऊ गिऱ्हाइकाला फाटकातूनच परत पाठवत, पण कच्चं रोप देत नसत. कोणी म्हणे, एवढ्या वर्षांत भाऊंचा आवाज चढलेला ऐकला नाही. मी वाढत होते, मान डोलवत होते आणि मनात म्हणत होते, चढवायला पाहिजे होता. एकदा तरी माझ्यावर कडाडून ओरडायला पाहिजे होतं तुम्ही. मग आज हे लिहायची पाळी आली नसती.

सून असून सासऱ्याबद्दल असं लिहिते, म्हणून लोक नावं ठेवतील. ठेवू दे. दहा वर्षं मी तुमच्यासमोर पदर सांभाळून बोलले, म्हणजे बोललेच नाही. आता तुम्ही मधेच "धीर धर" म्हणू शकत नाही, तर बोलून घेते.

मी अमरावतीची, शाळामास्तराची मुलगी. संत्र्याचं झाड बी पेरून करत नाहीत, हेसुद्धा मला तुमच्या घरी आल्यावर कळलं. जंभेरी नावाच्या जाड सालीच्या लिंबाचं रोप वाढवायचं. ते पेन्सिलीएवढं जाड झालं की हिवाळ्यात त्याच्या सालीला चीर पाडायची, चांगल्या संत्र्याच्या काडीवरचा एक डोळा अलगद सोलून त्या चिरेत बसवायचा आणि वरून पट्टी बांधायची. डोळा फुटून वर आला की जंभेरीचा शेंडा छाटायचा. पुढच्या पावसाळ्यात रोप विकायचं. फळ दिसतं पाचव्या वर्षी. म्हणजे आपण गिऱ्हाइकाला काय विकलं, ते त्याला पाच वर्षांनी कळतं. तोपर्यंत फक्त आपलं नाव असतं त्याच्याजवळ.

तुमचा मुलगा बडनेऱ्याला रेल्वेत लागला. रविवारी येतो, जेवतो, झोपतो, जातो. त्याला या रोपांचं काही नव्हतं. मला होतं. का होतं ते मला माहीत नाही, पण पहिल्या हिवाळ्यात तुम्हाला चीर पाडताना पाहिलं आणि मला वाटलं, हे आपल्याला आलं पाहिजे. मी तुमच्याजवळ चाकू मागितला. तुम्ही माझ्या हातात पट्ट्यांचं बंडल दिलं.

तीन हिवाळे मी पट्ट्याच बांधल्या. तुम्ही पुढे चीर पाडत जायचे, डोळा बसवायचे, मी मागून बांधत यायचे. कंबर धरायची. चौथ्या वर्षी म्हणाले, "आता लिंबाच्या काड्या घे अन् त्याच्यावर हात बसव." आणखी एक वर्ष मी कडुलिंबाच्या काड्या चिरत बसले. पाहायला येणाऱ्या बायका हसायच्या, सूनबाई दातणं करून विकते का म्हणायच्या. तुमचं एकच टुमणं. "हात थांबला पायजे. चाकू चालते, हात थांबते." मला त्याचा अर्थ कळायचा नाही आणि तुम्ही समजावून सांगायचे नाहीत. तुम्ही कधीच काही समजावून सांगितलं नाही. माणसाला आपोआप कळेल, याच्यावर तुमचा फार भरवसा.

आपलं भांडण म्हणजे एकाच गोष्टीवरून. मी म्हणायचे, मामाजी, गिऱ्हाईक परत का पाठवता? फोनवर रोपांचे फोटो टाकू, आधीच नोंदणी घेऊ, माणसं वाढवू. तुम्ही म्हणायचे, "रोपाले ऊन खाऊ दे." मी म्हणायचे, तोपर्यंत तो शेजारच्या नर्सरीतून घेऊन जाईल. तुम्ही म्हणायचे, "जाईन तर जाईन. पाच वर्षांनं येईन." आणि ते मेले यायचेही पाच वर्षांनी, हात जोडून, तिकडची झाडं उपटून. तेव्हा तुम्ही नुसते माझ्याकडे पाहायचे. त्या पाहण्याचा मला एवढा राग यायचा की मी आत जाऊन भांडी आपटायची.

मग तो दिवस आला. हिवरखेडच्या सरांची दीडशे रोपांची मागणी होती. निवृत्त गणिताचे मास्तर, सव्वा एकरात बाग लावायची हौस. तुम्हाला दोन दिवसांचा ताप. सकाळी विहिरीजवळच्या बाजेवर गोधडी घेऊन बसलात आणि चाकू माझ्याकडे दिला. "मायझाडाच्या काड्या घे अन् बांध. सातवं झाड." एवढंच.

मायझाड म्हणजे ज्याचे डोळे आपण घेतो ते, तुम्ही वर्षानुवर्षं पारखून ठेवलेलं. त्याच्या खोडावर तुम्ही पिवळा पट्टा ओढलेला असायचा. पण पावसाळा सरल्यावर सगळ्या खोडांना बोर्डो म्हणजे मोरचूद-चुन्याचं औषध लावलं होतं, सगळी खोडं सारखीच निळसर पांढरी, पट्टा त्याच्याखाली गेलेला. तुम्ही झाडं मोजायचे ती विहिरीकडून. तुमच्या वडिलांच्या वेळेपासून बाग विहिरीकडूनच मोजली जायची. मी त्या दिवशी रस्त्याच्या बाजूच्या नव्या फाटकातून आत आले आणि तिकडून मोजलं. अठरा झाडांची ओळ. माझं सातवं म्हणजे तुमचं बारावं.

आणि बारावं कोणतं? ते फोफसं. मोठ्ठाली फळं, साल सुटलेली, आत फोडी सुकलेल्या, बियाच बिया. मी नवी नवरी असताना तुम्हाला विचारलं होतं, हे तोडत का नाही? तुम्ही म्हणाले होते, "वाईट कोन्तं थे दाखवाले पायजे ना लोकायले." हिवाळ्यात त्याची फळं उतरलेली होती. नुसती पानं आणि काड्या पाहून कोणतं झाड चांगलं आणि कोणतं फोफसं, हे सांगता येत नाही. निदान मला तरी येत नव्हतं.

मी त्या दिवशी कशी काम करत होते ते मला अजून आठवतं. तुम्हाला दाखवायचं होतं. पाच वर्षं पट्ट्या आणि दातणं करून घेतली ना, मग पाहा आता. चीर, डोळा, पट्टी, पुढचं. चीर, डोळा, पट्टी. जेवायलाही उठले नाही. दिवस मावळायच्या आत दीडशेच्या दीडशे. तुमच्यासमोर येऊन उभी राहिले. तुम्ही म्हणाले, "लवकर झालं." मी ते कौतुक समजले. मूर्ख बाई.

पावसाळ्यात रोपं हिवरखेडला गेली. दिवाळीच्या सुमारास आपल्या बागेत फळं रंगावर आली. मी टोपली घेऊन ओळीत गेले आणि त्या फोफशा झाडाखाली थांबले. त्याच्या फांद्यांवर माझ्या चाकूच्या खुणा होत्या. काड्या छाटलेल्या, सगळ्या गेल्या हिवाळ्यातल्या. मी विहिरीकडून मोजलं. मग फाटकाकडून मोजलं. मग पुन्हा विहिरीकडून. टोपली रिकामीच घेऊन घरी आले.

त्याच संध्याकाळी मी तुम्हाला सांगायला आले होते, मामाजी. देवाशपथ. तुम्ही ओट्यावर सुपारी कातरत होते. मी चहा दिला आणि उभी राहिले. तुम्ही वर न पाहता म्हणाले, "काई सांगाचं रायलं का?" मी म्हणाले, "नाही." चाकू जाईल याची भीती वाटली. पाच वर्षांनी हातात आलेला चाकू.

तो गेलाच. त्या हिवाळ्यापासून काड्या कापायला तुम्ही मला एकदाही पाठवलं नाही. स्वतः जायचे, कापून आणायचे, ओल्या फडक्यात गुंडाळून स्वतःजवळ ठेवायचे. मी पुन्हा पट्ट्यांवर. मी नवऱ्याजवळ रडले. तो म्हणाला, "बाबा तसेच हायेत, तू कायले मनावर घेते?" मी ठरवलं की सून म्हणून, बाईमाणूस म्हणून तुमचा माझ्यावर भरवसा नाही. त्या दिवसापासून मी तुमचा राग राग करू लागले. तुमच्या खोकण्याचा, सुपारी कातरण्याचा, पाण्याचा पाट पाहत तासभर उभं राहण्याचा. दर दिवाळीला तुम्ही तोच प्रश्न विचारायचे. "सूनबाई, काई सांगाचं रायलं का?" दर दिवाळीला मी म्हणायचे, नाही मामाजी. मला वाटायचं, ही तुमची सवय आहे, वर्षाअखेरीला घरचं दुखलंखुपलं विचारायची.

एक गोष्ट लिहिली नाही तर मी खोटारडी ठरेन. माझे बाबा अमरावतीला दवाखान्यात आठ दिवस होते. माझा भाऊ परगावी, माझा नवरा ड्युटीवर. तुम्ही एक पिशवी घेऊन आले आणि वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसले. आठ दिवस. ना पेपर, ना गप्पा. बाबा घाबरले की तुम्ही आत जाऊन त्यांचा हात धरून बसायचे. बाबा मला म्हणाले, "तुझे सासरे काही बोलत नाहीत, पण ते बसले की बरं वाटतं." मी तेव्हा तुमच्यासाठी जीव टाकला असता. तोच माणूस घरी आला की माझ्याशी असा का वागतो, हे मला कळायचं नाही. आता कळलं, आणि कळल्यावर राग वाढलाच.

यंदा सरांच्या बागेला पहिलं फळ लागणार होतं. मी वर्षभर दिवस मोजत होते. माझं ठरलेलं होतं, फळ पाहू, मग सांगू. काय माहीत, चांगलंही निघेल. भीतीला मी धीराचं नाव दिलं होतं, तुमच्याच घरात शिकले ते. या दिवाळीला तुम्ही विचारलं, तेव्हा आवाज बसलेला होता तुमचा. "काई रायलं का सांगाचं?" मी म्हणाले, "मामाजी, तुम्ही औषध घ्या." आठव्या दिवशी दुपारी तुम्ही त्या विहिरीजवळच्या बाजेवरच गेले. सुपारी अर्धी कातरलेली होती.

तेरवी झाली, पाहुणे गेले आणि मी हिवरखेडला जायला निघाले. नवऱ्याला सांगितलं, गिऱ्हाईक आहे. अमरावतीहून परतवाडा, परतवाड्याहून अकोट, तिथून हिवरखेड. सगळ्या वाटेत मी वाक्य पाठ करत होते. त्या माणसाची पाच वर्षं मी मातीत घातली होती. नवीन रोपं फुकट देऊ म्हटलं तरी त्या वयात तो आणखी पाच वर्षं कुठून आणणार होता?

सरांनी मला पाहिलं आणि आधी तुमच्याबद्दल बोलायला लागले. मी म्हणाले, "सर, मला आधी बोलू द्या." आणि बोलून टाकलं. फाटक, बोर्डो, सातवं, बारावं, सगळं. सर ऐकत राहिले. मग म्हणाले, "मले माहीत हाय. चार वर्सापासून माहीत हाय." आणि मला बागेत घेऊन गेले.

झाडं फळांनी वाकलेली होती. सरांनी एक फळ तोडून हातात दिलं. आवळ साल, भरलेल्या फोडी, गोड. तुमचंच संत्रं, मामाजी. मी खाली वाकून खोड पाहिलं. जमिनीपासून वीतभर उंचीवर मी बांधलेल्या डोळ्याची जुनी खूण होती, तिच्यावरचं सगळं सफाईनं कापून टाकलेलं, जखम भरून आलेली. आणि तिच्या चार बोटं खाली दुसरा सांधा. तुमच्या हातचा. दुसऱ्या झाडालाही दोन खुणा. तिसऱ्यालाही. मी पंचवीस झाडांपर्यंत पाहिलं, मग मला पाहवेना.

"त्या हिवाळ्यात पाच खेपा केल्या त्यायनं," सर सांगत होते. "ओल्या फडक्यात काड्या आनत. दर खेपेला तीस झाडं नव्यानं बांधत. गुडघे दुखत, मी पाट द्यायचो बसाले."

पाच खेपा. मला त्या पाचही आठवतात. तुम्ही मला सांगितलं होतं की अकोल्याला गुडघ्याच्या डॉक्टरकडे जातो. मी पहाटे उठून भाकरी, ठेचा, भाजी बांधून द्यायची. संध्याकाळी तुम्ही लंगडत उतरायचे, आणि मी विचारायची, काय म्हणाले डॉक्टर? तुम्ही म्हणायचे, "धीर धरा म्हन्ते." मी गरम पाण्यानं तुमचे गुडघे शेकायची आणि मनात त्या डॉक्टरला शिव्या द्यायची, की एवढ्या खेपा घालून माणूस आणखीच लंगडतो कसा.

दीडशे झाडांपुढे उकिडवं बसले तुम्ही. दीडशे वेळा बसले आणि उठले. माझ्या एका दिवसाच्या फुशारकीसाठी.

मी सरांना विचारलं, मला का नाही सांगितलं? सर म्हणाले, "मी म्हटलं व्हतं. भाऊ, सूनबाईले सांगून टाका ना. तर म्हने, तिले ठाव हाय. ती सोता येऊन सांगन. मी थांबतो."

थांबतो!

कोणाला विचारून थांबले हो तुम्ही? मला तुमचा असा संताप आला की सरांच्या बागेत, परक्या माणसासमोर मी ओरडले. रोपाला बोलता येत नाही, म्हणून त्याची वाट पाहावी लागते. मला बोलता येत होतं. तुम्हालाही येत होतं. एका आंगणात दोन माणसं चार वर्षं एकमेकांच्या तोंडाकडे पाहत बसली, एक भिते म्हणून आणि एक धीराचा म्हणून. तुम्ही एकदा म्हणायचं होतं, सूनबाई, तू फाटकाकडून मोजलं. संपलं असतं. मी रडले असते, दोन दिवस जेवले नसते, तिसऱ्या दिवशी तुमच्याबरोबर हिवरखेडला येऊन काड्या धरल्या असत्या. तुमचे गुडघे वाचले असते. माझी चार वर्षं वाचली असती. या घरात मी तुमचा राग करत चार वर्षं भाकरी थापली, त्या भाकरी तुम्ही खाल्ल्या आणि तुम्हाला कारण माहीत होतं.

आणि एक प्रश्न राहतोच. तुम्हाला कळलं कधी? माझ्यासारखं दिवाळीत फांद्यांवरच्या खुणा पाहून? की त्याच दिवशी? विहिरीजवळच्या त्या बाजेवरून सगळी ओळ आरपार दिसते, मी काल बसून पाहिलं. मी बाराव्या झाडापाशी उभी राहून काड्या कापते आहे हे तुम्हाला दिसलं असेल, तर तुम्ही हाक का मारली नाही? तापात डोळा लागला होता का? तसं असेल तर मी तुम्हाला पुष्कळ माफ करते. पण जागे असाल, तर मामाजी, तुम्ही वाईट माणूस होते. हे मला आता कोण सांगणार?

लोक म्हणतात, काय नशीबवान सून, असा सासरा मिळाला. खरंच आहे. तुमच्या गुडघ्यांच्या जिवावर माझं नाव वाचलं. सर आता गावोगावी सांगतात की रोप घ्यावं तर यांच्याकडून. पण तुमच्याइतकं थांबायला मी कधी शिकणार नाही, आणि शिकायचंही नाही मला. परवा नवऱ्यानं रविवारी हौसेनं पंचवीस रोपांना पट्ट्या बांधल्या, सगळ्या सैल. मी तिथंच ओरडले, सगळ्या सोडायला लावल्या. तो म्हणाला, "बाबा असते तर असे ओरडले नसते." मी म्हणाले, म्हणूनच ओरडते.

आता थंडी पडली आहे, जंभेरी पेन्सिलीएवढी झाली आहे. आज सकाळी देवळीतून चाकू काढला. बागेत विहिरीच्या बाजूनं गेले. बोट लावून, मोठ्यानं मोजलं. सातव्या झाडापाशी उभी राहिले. पट्टा यंदाही बोर्डोखाली गेलेला आहे, नखानं खरवडला तेव्हा पिवळा रंग दिसला. मग हात चालेना. बाज रिकामी होती आणि विचारणारं कोणी नव्हतं. तर न विचारताच सांगते.

मामाजी, सांगायचं राह्यलं होतं. माह्यं चुकलं. मी फाटकाकडून मोजलं होतं.